शर्यतीचा घोडा: शिंगरापासून पहिल्या शर्यतीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यतीसाठी कोणत्या जातीचे शिंगरू निवडले जाते आणि वंशावळीला किती महत्त्व द्यावे?

सपाट मैदानावरील शर्यतींचे जग बहुतांशी थरोब्रेड या एकाच जातीचे आहे आणि पुढील सर्व उत्तरे त्या जातीला धरून दिली आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये आलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपाशी आजच्या थरोब्रेडांचा पितृवंश जाऊन पोहोचतो. त्यातही बहुसंख्य घोडे डार्ली अरेबियनच्या वंशातील आहेत. १७९१ साली इंग्लंडमध्ये जनरल स्टड बुक प्रथम छापले गेले, तेव्हापासून वंशावळ काटेकोरपणे नोंदवण्याची शिस्त पडली. आता नोंदणीपूर्वी डीएनए चाचणीने शिंगराचे आईबाप पडताळले जातात आणि मानेत मायक्रोचिप बसवली जाते. कृत्रिम रेतनातून जन्मलेल्या शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद होत नाही. घोडी नैसर्गिकरीत्याच फळवावी लागते.

वंशावळ पाहताना नवखे लोक बापाच्या नावावर भाळतात. एका नामांकित घोड्याची एका वर्षात शंभराहून अधिक शिंगरे जन्माला येऊ शकतात, त्यामुळे त्या नावाने फारसे काही ठरत नाही. आई स्वतः कशी धावली, तिची आधीची शिंगरे किती वर्षे पायाने धड राहिली आणि तिच्या बहिणींच्या घरात काय निपजले, हे प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत.

शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावे असा आग्रह का असतो?

घोडी सरासरी ३४० दिवस गाभण असते. ३२० ते ३६० दिवसांमधील कोणताही कालावधी सामान्य समजला जातो. शर्यतीच्या नियमांनुसार उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढते, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तोच दिवस १ ऑगस्ट हा असतो. म्हणजे जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदोपत्री एकाच वयाचे ठरते, प्रत्यक्षात मात्र त्यांच्यात चार महिन्यांच्या वाढीचा फरक असतो. घोडी निसर्गतः दिवस मोठा होऊ लागल्यावरच माजावर येते. म्हणून हिवाळ्यात तिला सुमारे दोन महिने रोज एकूण सोळा तास उजेडात ठेवून तिचा माज अलीकडे आणला जातो.

हा फायदा दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतींत जाणवतो, नंतर तो झपाट्याने विरतो. नॉर्दर्न डान्सर हा घोडा २७ मे १९६१ रोजी, म्हणजे बराच उशिरा जन्मला, अंगानेही लहानखुरा होता, तरी तीन वर्षांच्या घोड्यांसाठीची केंटकी डर्बी ही अमेरिकेतील नामांकित शर्यत त्याने १९६४ मध्ये जिंकली. तेव्हा उशिरा जन्मलेले शिंगरू टाकाऊ समजण्याचे कारण नाही. त्याचे वेळापत्रक मालकाने तेवढे महिने पुढे ढकलले पाहिजे, आणि अडचण नेमकी तिथेच येते.

घोडी व्यायच्या वेळी कशावर लक्ष ठेवावे?

शेवटच्या काही आठवड्यांत कास भरते आणि व्यायच्या आधी एक-दोन दिवस बहुधा सडांच्या टोकाशी मेणासारखे पिवळट थेंब साचतात, परंतु काही घोड्यांच्या बाबतीत हे चिन्ह दिसतच नाही. चिकातील कॅल्शियम तपासण्याच्या पट्ट्या अधिक भरवशाच्या असतात, कारण व्यायची वेळ जवळ आली की हे प्रमाण एकदम वाढते. बहुतेक घोड्या रात्री व्यायतात आणि पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. गाईच्या प्रसूतीची सवय असलेल्या माणसाला ही घाई विलक्षण वाटते, परंतु घोडीच्या बाबतीत उशीर हाच धोका असतो. वीस मिनिटांत काही प्रगती दिसली नाही तर पशुवैद्याला बोलावून मोकळे व्हावे.

एक प्रसंग प्रत्येक राखणदाराने डोळ्यांपुढे आणून ठेवावा. पांढुरकी, चकचकीत पिशवी दिसण्याऐवजी योनिद्वारात लाल, मखमलीसारखा पडदा दिसला, तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटत आहे, असे समजावे. तो पडदा तत्काळ फाडून किंवा कापून शिंगरू बाहेर ओढावे लागते. तिथे फोन करून वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

प्रसूती सुखरूप झाल्यावर १-२-३ हा ठोकताळा पाळतात: शिंगरू एका तासात उभे राहावे, दोन तासांत दूध पिऊ लागावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. वार अडकून राहिल्यास घोडीला गर्भाशयाचा जंतुसंसर्ग आणि त्यातून खुरांचा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतील थरांचा वेदनादायक दाह, होऊ शकतो. म्हणून पडलेली वार पसरून ती पूर्ण आहे की नाही हे पाहिल्याशिवाय फेकू नये.

चिकाबद्दल एवढी काळजी का घेतली जाते?

घोडीच्या पोटात असताना वारेतून शिंगराला आईची प्रतिद्रव्ये मिळत नाहीत. जन्मतः ते रोगांपुढे निःशस्त्र असते आणि सारी भिस्त पहिल्या चिकावर असते. प्रतिद्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असून एका दिवसात जवळजवळ संपते. साधारण अठरा ते चोवीस तासांच्या वयात शिंगराचे रक्त तपासतात. प्रतिद्रव्यांचे प्रमाण लिटरमागे ८ ग्रॅमपेक्षा अधिक असेल तर समाधान मानावे, त्याहून फार कमी असेल तर पशुवैद्य शिरेतून प्लाझ्मा देतो. ज्या घोडीचा चीक व्यायच्या आधीच गळून गेला आहे तिच्या शिंगरासाठी दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक हाताशी असावा.

क्वचित घोडीच्या चिकात शिंगराच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. जन्मल्यावर चांगले उड्या मारणारे शिंगरू मग दोन-तीन दिवसांत मलूल होते आणि त्याच्या हिरड्या पिवळ्या पडतात. पूर्वी असे घडलेल्या घोडीच्या पुढील शिंगराला जन्मताच तोंडाला जाळी बांधून सुरुवातीचे एक-दोन दिवस दुसरा चीक व दूध पाजावे लागते.

शिंगराला मोकळे सोडावे की सांभाळून तबेल्यात ठेवावे?

निरोगी शिंगराला पहिल्या एक-दोन दिवसांतच आईसोबत लहान कुरणात सोडावे आणि पुढे मोठ्या कुरणात इतर शिंगरांबरोबर वाढू द्यावे. महागडे शिंगरू लाथ लागून जायबंदी होईल या भीतीने ते कोंडून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण यात जपणुकीपेक्षा नुकसान अधिक आहे. सांध्यांतील कूर्चा आणि पायांच्या कंडरा आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच पुढच्या भारासाठी घडत असतात आणि ती घडण चालण्या-धावण्यानेच होते. नेदरलँड्समधील संशोधकांनी शिंगरांचे गट पाडून काहींना तबेल्यात, काहींना कुरणात ठेवले, तर काहींना तबेल्यात ठेवून नेमाने पळवले. कोंडलेल्या गटाच्या कूर्चेची घडण मागे पडली आणि तबेल्यातून काढून एकदम पळवण्यानेही ती नैसर्गिक वाढीइतकी चांगली झाली नाही. दिवसभर रमतगमत केलेली हालचाल, मधूनच मारलेली धाव आणि पुन्हा चरणे, हा शिंगराचा स्वतःचा क्रम सर्वांत उपकारक ठरला.

शिंगराचे पाय वाकडे दिसतात. ते आपोआप सरळ होतील का?

जन्मतः थोडे वाकडे असणारे बरेच पाय काही आठवड्यांत सुधारतात, म्हणून पहिल्याच दिवशी घाबरून जाऊ नये. मात्र वाट पाहण्याला मुदत आहे, आणि ती प्रत्येक सांध्याला वेगळी आहे. खुराच्या वरच्या फेटलॉक सांध्यापाशी हाड लांबीत वाढवणारी कूर्चेची पट्टी पहिल्या तीन महिन्यांतच मंदावते, त्यामुळे तिथला बाक सुधारायचा असल्यास तो पहिल्या काही आठवड्यांत हाती घ्यावा लागतो. गुडघ्यावरील पट्टी मात्र वर्षभर व त्यापुढेही वाढत राहते, त्यामुळे गुडघ्याच्या बाबतीत सवड मिळते. एका महिन्याच्या वयापासून दर चार-पाच आठवड्यांनी नालबंदाकडून खुरे तासून घेतली तर पुष्कळ काम तिथेच होते. उरलेल्यांसाठी पशुवैद्य शस्त्रक्रियेचा सल्ला देतो. शिंगरू सपाट फरशीवर तुमच्याकडे चालत येताना आणि तुमच्यापासून दूर जाताना दर महिन्याला चित्रित करून ठेवले तर वादाला जागा राहत नाही, कारण रोज पाहणाऱ्याच्या नजरेला हळूहळू बदलणारा बाक दिसत नाही.

वाढत्या शिंगराला किती चंदी द्यावी?

पहिले दोन-तीन महिने आईचे दूध आणि गवत पुरेसे असते. त्यानंतर आईचे तोंड शिरणार नाही अशा आडोशात शिंगराला थोडी स्वतंत्र चंदी देतात, म्हणजे दूध तुटण्यापूर्वी त्याचे पोट दाण्याला सरावते. सहा महिन्यांचे शिंगरू पूर्ण वाढीच्या सुमारे ४५ टक्के वजनाचे आणि ८० टक्क्यांहून अधिक उंचीचे झालेले असते, यावरून या काळातील वाढीचा वेग लक्षात यावा.

वाढ जोरात आहे म्हणून दाणा वाढवत जाणे ही या व्यवसायातील जुनी खोड आहे. लिलावात गुटगुटीत, चमकदार अंगाच्या एक वर्षाच्या घोड्याला चांगली किंमत येते, म्हणून विकणारा त्याला खाऊ घालतो, आणि त्याची फेड पुढे विकत घेणाऱ्याच्या खिशातून होते. अति पिष्टमय आहार, जलद वाढ आणि अनुवंश यांच्या मेळातून सांध्यांतील कूर्चेचे हाडात रूपांतर नीट न होण्याचा ओसीडी नावाचा विकार उद्भवतो. गुडघ्यावरील वाढपट्टी सुजून सांधा वाळूच्या घड्याळासारखा मध्ये आवळलेला दिसू लागला, तर पहिला उपाय दाणा कमी करणे हा आहे. आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसपेक्षा कधीही कमी नसावे, ते दीडपट ते दुप्पट असणे चांगले. कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ असल्याने नुसत्या कोंड्यावर वाढवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात. तांबे आणि जस्त यांचीही आबाळ होता कामा नये. दर महिन्याला वजन-पट्टीने वजन मोजून आलेख सपाट किंवा एकदम उभा होत नाही ना, एवढे पाहावे.

शिंगरू अंगावरून कधी आणि कसे तोडावे?

साधारणतः पाच-सहा महिन्यांच्या वयात तोडावे. एकाच दिवशी सगळ्या घोड्या हलवण्यापेक्षा कुरणातील आयांपैकी दर काही दिवसांनी एक-दोन घोड्या दूर न्याव्यात आणि शिंगरांना त्याच ओळखीच्या सोबत्यांत राहू द्यावे. एकट्या शिंगराला तबेल्यात कोंडून दूध तोडले तर ते भिंतीवर धडका घेते, खाणे टाकते आणि कुंपण चावून हवा गिळण्याची सवय तिथेच जडू शकते. याच सुमारास जंतांची औषधे आणि लसीकरण पशुवैद्याच्या सल्ल्याने करावे. शिंगरांमधील गोल जंत अनेक ठिकाणी आयव्हरमेक्टिनला दाद देईनासे झाले आहेत, म्हणून डोळे मिटून औषध न देता लीद तपासून द्यावे.

माणसाची सवय कधी लावावी?

पहिल्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ लावावी. मोहरकी घालून आईच्या बाजूने चालवणे, चारी पाय उचलून खूर साफ करू देणे, खराऱ्याचा स्पर्श सहन करणे आणि वाहनात चढणे, इतके एक वर्षाच्या आत आले की पुढील प्रशिक्षणाचे अर्धे काम संपते. त्याला लाडावून मात्र ठेवू नये. खिसे हुंगणारे, चावे घेणारे शिंगरू लहानपणी गोड वाटते, पण पुढे त्याचे वजन ५०० किलो होते.

स्वाराची पहिली सवय कशी लावली जाते?

बहुतेक घोड्यांना सुमारे अठरा महिन्यांच्या वयात या शिक्षणासाठी घेतात. आधी तोंडात लगामाची कडी दिली जाते आणि घोडा ती चघळू लागेपर्यंत थांबले जाते. मग पाठीवर पट्टा बांधतात. तंग पहिल्यांदा आवळला की बरेच घोडे पाठ कमान करून उडतात, म्हणून तंग एका वेळी एकच भोक घट्ट करून मधे दोन पावले चालवतात. त्यानंतर दोन लांब दोऱ्यांनी मागून हाकत वळणे, थांबणे आणि पुढे जाणे शिकवले जाते. हा टप्पा जितका सावकाश होईल तितका पुढील तोंडाचा नरमपणा टिकतो. मग खोगीर चढते. ते चढल्यावर तबेल्यातच एक हलका माणूस घोड्याच्या पाठीवर पोटावर आडवा पडतो, दुसरा बागडोर धरून उभा असतो आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. घोड्याचे कान मागे सपाट न होता इकडेतिकडे फिरत असतील, तो श्वास सोडत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पाय टाकून बसतो.

शांत घोड्याला यासाठी चार आठवडे पुरतात, भित्र्याला आठही लागतात. हे शिक्षण आटोपल्यावर घोड्याला काही आठवडे कुरणात सोडावे, असे माझे मत आहे. शिकलेले तो विसरत नाही, पण अंग आणि डोके दोन्ही मोकळे होतात.

दोन वर्षांच्या घोड्याला धावायला लावणे क्रूर नाही का? हाडे तर कच्ची असतात.

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढपट्टी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या वयात बंद होते, आणि पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाचव्या वर्षाच्या आसपासपर्यंत चालू असते. परंतु हाडाची लांबी वाढणे आणि हाड बळकट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बळकटी भाराला उत्तर म्हणून येते, आणि तरुण हाड या उत्तराला सर्वांत तत्पर असते. म्हणूनच ज्या घोड्यांनी दोन वर्षांच्या वयात बेताचे काम केले, त्यांची कारकीर्द पूर्ण विश्रांती दिलेल्या घोड्यांपेक्षा आखूड ठरत नाही, असे शर्यतींच्या नोंदींवरील अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

यावरून प्रत्येक घोड्याला दोन वर्षांत धावडवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. लवकर धावणारे घोडे निसर्गतःच सुदृढ असल्यामुळेही हा आकडा तसा दिसतो. आवश्यक आहे ते काम, शर्यत नव्हे. उंच, हडकुळ्या, अजून मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच दिसणाऱ्या घोड्याने दोन वर्षांच्या वयात हलके काम करून घरी राहावे. जस्टिफाय हा घोडा दोन वर्षांच्या वयात एकदाही धावला नाही आणि २०१८ ची केंटकी डर्बी त्याने जिंकली. मात्र त्याच्यापूर्वी असे १८८२ मध्ये अपोलोने केले होते, एवढे मध्यंतर त्यात गेले होते, हेही नोंदले पाहिजे.

खरा घोटाळा आणखी एका ठिकाणी होतो. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला काही महिने लागतात आणि कंडरांना सर्वांत जास्त वेळ लागतो. त्यामुळे असा एक काळ येतो, जेव्हा घोडा ताजातवाना असतो, स्वाराचे हात ओढत असतो, घड्याळातील वेळ सुंदर येत असते आणि पाय मात्र त्या वेगासाठी तयार नसतात. ट्रेनरची परीक्षा याच काळात होते.

नळीच्या हाडाचा दुखावा म्हणजे काय आणि तो टाळता येतो का?

पुढच्या पायाच्या नळीच्या, म्हणजे गुडघा आणि फेटलॉक यांमधल्या, हाडाच्या पुढील पृष्ठभागावर सूज आणि वेदना येणे, हा दोन वर्षांच्या घोड्यांचा नेहमीचा आजार आहे. सकाळी पाय वर उचलून नळीवरून अंगठा वरून खाली दाबत न्यावा. एका जागी घोडा पाय झटकून घेतो, तिथली त्वचा कोमट लागते आणि दुसऱ्या पायाशी तुलना केली असता थोडा फुगवटाही जाणवतो. घोडा लंगडत नसतानाही हे चिन्ह सापडते, म्हणून ही तपासणी रोज करावी.

कारण असे की वेगवान धावेत हाडावर पडणारा दाब मंद कँटरमधील (दुडकी आणि भरधाव यांमधल्या सैल दौडीतील) दाबापेक्षा परिमाणात आणि दिशेतही वेगळा असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड न्यूनामेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून असे पुढे आले की मैलोन्मैल संथ कँटर करून शर्यतीच्या वेगासाठी हाड घडत नाही. त्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा अगदी थोड्या अंतराचे वेगवान काम लवकर सुरू करून हळूहळू वाढवावे लागते. भाराला प्रतिसाद देताना हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग नवा घालते, त्यामुळे मधले काही आठवडे ते तात्पुरते कमजोर असते. नेमक्या त्याच वेळी अंतर आणि वेग दोन्ही वाढवले की दुखापत ठरलेलीच. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी. आणि अनेक आठवड्यांच्या विश्रांतीनंतर परत आलेल्या घोड्याला जुन्या वेळापत्रकावर न ठेवता मागच्या टप्प्यापासून सुरू करावे, कारण विश्रांतीत हाडाची घनता घटलेली असते.

आठवड्याचे काम साधारण कसे असते?

फर्लांग म्हणजे २०१ मीटर. कँटर करताना घोडा एक फर्लांग सुमारे २० सेकंदांत, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने कापतो; १५ सेकंदांत कापला तर ताशी ४८ किलोमीटर होतात आणि १२ सेकंदांत शर्यतीचा ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठला जातो. पहिले दोन-तीन महिने चालणे, दुडकी आणि कँटर यांतच जातात. मग १५ सेकंदांचे एक-दोन फर्लांग येतात आणि त्यानंतर आठवड्यात एखाद-दोन दिवस शेवटचे एक-दोन फर्लांग शर्यतीच्या वेगाच्या जवळ नेले जातात. वेगवान कामाच्या दुसऱ्या दिवशी फक्त चालवतात. घोडा आराम करत असताना त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३० ते ४० असतात आणि पूर्ण वेगात ते २२० ते २४० पर्यंत चढतात. याशिवाय प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी धावताना रक्तात सोडल्या जातात, त्यामुळे प्राणवायू वाहण्याची ताकद एकदम वाढते. काम संपल्यावर ठोके किती लवकर उतरतात, हे वेळेपेक्षाही विश्वासाचे माप आहे. त्याच कामानंतर नेहमीपेक्षा उशिरा उतरू लागले तर घोडा आजारी आहे किंवा कुठेतरी दुखते आहे असे समजावे.

सुरुवातीच्या गेटची भीती कशी घालवावी?

गेटमधून आधी नुसते चालत आरपार न्यावे, मग आत उभे करून मागचे दार लावावे, मग पुढचे दार हाताने उघडून चालत बाहेर काढावे आणि सर्वांत शेवटी घंटेसह धावत काढावे. दोन शांत घोड्यांच्या मधे उभे केल्यास भित्रा घोडाही लवकर शिकतो. गेटमध्ये एकदा मार खाल्लेला घोडा ती आठवण वर्षानुवर्षे विसरत नाही.

कामावर असलेल्या घोड्याचा आहार कसा असावा?

घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असते, कारण निसर्गाने त्याला सतत चरण्यासाठी घडवले आहे. शर्यतीच्या तबेल्यात दिवसातून दोन-तीनदा भरपूर चंदी आणि मधे उपवास, असा क्रम ठेवला की जठरात व्रण होतात. कामावर असलेल्या बहुतांश घोड्यांत दुर्बिणीने पाहिल्यास ते आढळतात. वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात किलो कोरडी वैरण रोज मिळालीच पाहिजे. दाणा एका वेळी दोन-अडीच किलोंपेक्षा अधिक नसावा. कामापूर्वी ओंजळभर गवत द्यावे, म्हणजे धावताना रिकाम्या जठरातील आम्ल वर उसळत नाही. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणावा. तो तसाच चालू ठेवल्यास दुसऱ्या दिवशी मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू आखडून घोडा जागीच खिळतो आणि लघवी गडद तपकिरी येते. अशा वेळी त्याला चालवू नये.

घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे बुरशी लागलेले गवत किंवा अचानक बदललेली चंदी यांचे पर्यवसान पोटशुळात होते. कोणताही बदल किमान आठवडाभरात थोडाथोडा करावा.

धावल्यावर नाकातून रक्त येते, ते गंभीर आहे का?

पूर्ण वेगात फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांवरील दाब इतका वाढतो की त्या फुटतात. धावल्यावर तासाभरात श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहिले तर बऱ्याच घोड्यांत थोडे रक्त आढळते; नाकातून रक्त वाहणारे घोडे मात्र त्यांतील थोडेच असतात. अधूनमधून दिसणारा अंश चिंतेचा नसतो. वारंवार किंवा भरपूर रक्त येत असेल तर विश्रांती, तबेल्यातील धूळ कमी करणे, भिजवलेले गवत आणि पशुवैद्याची तपासणी आवश्यक ठरते. फ्युरोसेमाइड हे औषध काही ठिकाणी चालते, तर अनेक ठिकाणी शर्यतीच्या दिवशी त्यावर बंदी असते.

धावताना श्वास घेताना शीळ किंवा घरघर ऐकू येत असेल तर कारण वेगळे असते: डाव्या बाजूची स्वरतंतूची चेता कमजोर होऊन श्वासमार्ग अरुंद होतो. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो आणि भरधाव धावताना प्रत्येक झेपेला एकच श्वास बसतो, त्यामुळे हा अडथळा त्याला थेट मंदावतो. शस्त्रक्रियेने बऱ्याचदा सुधारणा होते.

थांबावे कधी, हे कसे ओळखावे?

मोतद्दाराने सकाळी काम सुरू होण्यापूर्वी केलेली तपासणी सर्वांत मोलाची असते. गव्हाण चाटूनपुसून रिकामी आहे का, लीद नेहमीसारखी आहे का, गुदद्वारात घेतलेले तापमान ३८ अंश सेल्सियसच्या आसपास आहे का, हे पाहिल्यावर दोन्ही हात एकाच वेळी दोन्ही पुढच्या पायांवरून फिरवावेत. नळीच्या मागील कंडरा दोरीसारख्या ताठ आणि थंड लागल्या पाहिजेत. एका पायाची किंचित उष्णता, नखाएवढा फुगवटा एवढेच कधीकधी पहिले चिन्ह असते. त्या सकाळी धावडवले तर कंडरा फाटते. ती भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागते आणि पूर्वीची लवचिकता परत येत नाही. सोनोग्राफी होईपर्यंत घोडा केवळ हाताने चालवावा. या निर्णयावर मालक नाराज होतो, शर्यत हातची जाते आणि अनेकदा सोनोग्राफीत काहीच सापडत नाही. तरीही ती सकाळ वाया गेली असे मी मानत नाही. दुखणे दाबणारी औषधे देऊन घोडा पळवणे नियमानेही निषिद्ध आहे, आणि शर्यतीनंतरच्या रक्त-लघवीच्या तपासणीत ते उघडही होते.

पहिली शर्यत कशी निवडावी?

आतापर्यंत न जिंकलेल्या घोड्यांची, घोड्याच्या स्वभावाला साजेशा अंतराची आणि चांगल्या जमिनीवरची शर्यत निवडावी. कुळ लांब पल्ल्याचे असले तरी पहिल्या धावेसाठी अंतर थोडे कमी असणे बरे. जॉकी अनुभवी असावा आणि त्याला जिंकण्याच्या आदेशाइतकेच घोड्याला शिकवण्याचे आदेश द्यावेत: गेटमधून सरळ निघू दे, घोळक्यात मागे राहून चेहऱ्यावर उडणारी माती सोसू दे, शेवटच्या दोन फर्लांगांत वाट काढू दे. चाबकाचा वापर पहिल्या शर्यतीत टाळलेला उत्तम. त्यानंतरच्या तीन दिवसांत घोडा कसा खातो आणि पाय कसे राहतात, यावर दुसरी शर्यत केव्हा घ्यायची ते ठरते.

नर घोड्याची खच्ची करावी का?

पुढे पैदाशीसाठी ठेवण्याची खरी शक्यता थोड्याच नरांना असते. ज्याचे लक्ष शर्यतीऐवजी शेजारच्या घोडीकडे असते, ज्याची मान जाड होऊन पुढच्या पायांवरील भार वाढतो आहे, त्याची खच्ची लवकर केलेली बरी. अशा घोड्याची कारकीर्द बहुधा लांबते, आणि ती संपल्यावर त्याला नवे घर मिळणेही सोपे जाते.

शर्यतीतून काढल्यावर लगेच कुरणात सोडता येते का?

लगेच सोडू नये. दाणा दोन-तीन आठवड्यांत उतरवत आणावा, वैरण मनसोक्त द्यावी, ॲल्युमिनियमच्या हलक्या नाला काढून खुरांना जमिनीवर कणखर होऊ द्यावे आणि सुरुवातीला रोज एक-दोन तास लहान कुरणात एखाद्या शांत सोबत्याबरोबर सोडावे. दुसऱ्या कामासाठी त्याला नव्याने शिकवायचे असल्यास त्याआधी दोन ते तीन महिन्यांची विश्रांती द्यावी. स्वार चढताक्षणी पळायचे, ही सवय मोडायला त्याला तेवढा काळ लागतो.